खुंटीवरचा सायलेन्सर

सत्तरीचं दशक नुकतं कुठं सुरू झालं होतं आणि मी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका ऑइल इंजिनच्या कारखान्यात टायपिस्ट होते. कारखाना फार मोठा नव्हता, पण नदीकाठच्या शेतकऱ्यांत त्याच्या इंजिनाचं नाव होतं. नदीवर किंवा विहिरीवर इंजिन बसवायचं, त्याला पंप जोडायचा आणि ऊस भिजवायचा, असा तो काळ. वीज पुष्कळ गावांत पोचलेली नव्हती आणि जिथं पोचली होती तिथं तिचा भरवसा नव्हता. त्यामुळं आमचं इंजिन तयार व्हायच्या आधीच त्याला गिऱ्हाईक उभं असायचं.

टायपिंग मला उत्तम येत होतं आणि अजिबात आवडत नव्हतं. दुसऱ्यांची वाक्यं दिवसभर बडवायची, त्यांतला मूर्खपणा दिसला तरी तसाच बडवायचा. एकदा एका पत्रातलं निरर्थक वाक्य मी नीट करून टाइप केलं, तर हेडक्लार्कनी सगळ्यांसमोर सुनावलं, "बाई, तुम्हाला बोटांचा पगार मिळतो, डोक्याचा नाही." ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं. त्याच रागात मी संध्याकाळच्या व्यवस्थापन पदविकेच्या वर्गाला नाव घातलं. वडील शिक्षक होते. ते म्हणाले, "शीक, लग्न होईपर्यंत काहीतरी हाताला काम हवंच." त्यांचा हेतू चांगला होता, पण मला शिकायचं होतं ते लग्न होईपर्यंत नव्हे.

त्या वर्षी कारखान्यानं इंजिनाचं नवं मॉडेल काढलं. आमचे इंजिनिअरसाहेब वर्षभर परदेशात राहून आले होते. तिथल्या यंत्रांचा आवाज कसा मांजराच्या पावलांसारखा असतो, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की शिपायालाही ते पाठ झालं होतं. त्यांनी नव्या इंजिनाला मोठा, जाड पत्र्याचा सायलेन्सर बसवला. चाचणीच्या दिवशी इंजिन अंगणात चालू केलं, तर आत माझ्या टाइपरायटरचाच आवाज मोठा वाटत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आणि मग इंजिनं परत यायला लागली. जुनं मॉडेल कधी कुणी परत केलं नव्हतं. नवं मात्र डीलरांच्या ट्रकमधून दोन-दोन, तीन-तीन करून गोडाऊनला येऊन पडत होतं. कारण विचारलं तर डीलरांचं एकच, "पावणं घेऊन जात्यात आन महिन्यानं आणून टाकत्यात. काय बी बोलत न्हाईत." इंजिनिअरसाहेब इंजिन उघडायचे, तपासायचे, त्यात काही दोष नसायचा. मग ते म्हणायचे, डीलर दुसऱ्या कंपनीला फितूर आहेत.

आमचे मालक लेथवर काम करत करत मालक झालेले. बोलणं मोकळं आणि आवाज असा की फाउंड्रीच्या गोंगाटात वाढल्याचं लगेच कळावं. पदविकेसाठी मला एक प्रकल्प करायचाच होता. एके दिवशी धाडस करून मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "साहेब, इंजिनं परत का येतात ते मला शोधू द्या."

"बाई, तुम्हाला इंजनातलं काय कळतंय?"

"इंजिनातलं नाही. मी गिऱ्हाइकातलं शोधणार आहे."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाडव्यानंतर डीलरांची बैठक हाय. तवर घोडं कुठं पेंड खातंय ते सांगा. सांगितलंसा, तर बाजार पाहणीचं नवं टेबल टाकतो, ते तुमचं. न्हाई जमलं, तर गप टायपिंग करायचं आन पुन्ना असलं काय काढायचं न्हाई. हाय कबूल?"

मी कबूल म्हटलं. खोलीतून बाहेर येईपर्यंत त्या टेबलावर मी मनातल्या मनात बसूनसुद्धा टाकलं होतं.

वर्गात शिकवलं होतं, ग्राहकाला विचारा. म्हणून मी कार्डं छापून घेतली. "आमच्या यंत्राच्या कार्यक्षमतेबाबत आपण समाधानी आहात काय?" असे सगळे प्रश्न. खाली उत्तम, बरे, वाईट अशा चौकटी. मालकांनी कारखान्याच्या शिक्क्याचं ओळखपत्र दिलं. रविवारी आणि रजेच्या दिवशी मी एस.टी.नं राधानगरी रस्त्याला लागायची आणि भोगावतीच्या काठानं एकेक गाव करायची. ज्यांनी नवं इंजिन ठेवून घेतलं होतं त्यांच्याकडं आधी गेले. त्यांना काय आवडलं ते कळलं, की इतरांना काय नको होतं ते कळेल, असा माझा हिशेब होता.

पाहुणचार असा झाला की सांगायची सोय नाही. जाईन त्या घरी चहा, वर काकवी, भुईमुगाच्या शेंगा, येताना हातात उसाची कांडी. "कंपनीच्या बाई आल्यात" अशी हाक पुढच्या दारापर्यंत माझ्याआधीच पोचलेली असायची. कार्ड पुढं केलं की घरातला पुरुष मान डोलवायचा. "उत्तम लिवा की."

"काही त्रास?"

"छ्या! झकास हाय. लिवा उत्तम."

"आवाज, धूर, डिझेल?"

"सगळं उत्तम लिवा बाई, आन च्या घ्या, गार हुतोय."

पिशवी भरली. सगळ्या कार्डांवर उत्तम. एकही बरे नाही, वाईट तर नाहीच नाही. मी ती मालकांच्या टेबलावर ठेवली तेव्हा इंजिनिअरसाहेब तिथंच बसले होते. त्यांनी चार-पाच कार्डं चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा, मी काय सांगत होतो? ग्राहक संतुष्ट आहे. बाईंनी पुराव्यासकट सिद्ध केलं."

मालकांनी एक कार्ड उचललं, उलटं-सुलटं केलं आणि माझ्यापुढं टाकलं. "सगळं उत्तम हाय, तर मग गोडाऊनात काय लग्नाचं वऱ्हाड उतरलंय?"

मला रडू आलं नाही, राग आला. पहिला स्वतःचा आणि मग त्या सगळ्या शेंगांचा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी नावं ठेवत होते, पण मी तरी काय केलं होतं? एस.टी.त बसून त्याच शेळ्या हाकल्या होत्या. पाडवा तीन आठवड्यांवर आला होता.

पुढच्या रविवारी मी परत त्याच रस्त्याला लागले. या वेळी कार्डं नेली नाहीत. का नेली नाहीत म्हणाल तर रागानं, त्यात काही शहाणपण नव्हतं. पहिल्या फेरीत जिथं सगळ्यांत जास्त वेळा "उत्तम" ऐकलं होतं, त्या घरी गेले. नदीकाठापासून जरा उंचावर घर, समोर उसाचं रान, त्यापलीकडं नदी. ऊस बिद्रीच्या साखर कारखान्याला जायचा. घरधनी अंगणात होता. मला बघून तो उठला आणि का कोण जाणे, गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. दार अडवून उभं राहावं तसा.

आता गोठा काही माणसानं अडवून उभं राहायची जागा नव्हे. मी म्हटलं, "काका, म्हैस बघू की तुमची," आणि त्यांच्या बगलेतून आत गेले. म्हैस होती. तिच्या डोक्यावर, दावं अडकवायच्या खुंटीला, आमचा सायलेन्सर टांगलेला होता. जाड पत्र्याचा, कारखान्याच्या हिरव्या रंगाचा, नवाकोरा.

"हे काय?"

"ते व्हय..." काका जमिनीकडं बघत म्हणाले. "निसटलं."

मागून त्यांची बायको खळखळून हसली. चाळिशीची, पदर खोचलेली, हात पिठानं माखलेले. "निसटलं कशाला? मीच काढाय लावलं. सांगा की खरं! पोरगी काय खातीया व्हय तुमास्नी?"

"गप बस! हमी जाईल."

हमी! इंजिनासोबत जो कागद द्यायचो त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "सायलेन्सर काढल्यास हमी रद्द." ते वाक्य मीच टाइप केलं होतं. मला तेव्हाही ते मूर्ख वाटलं होतं, पण हेडक्लार्कच्या बोलण्यानंतर मी सुधारणं सोडलं होतं. आणि त्याच कारखान्याच्या शिक्क्याचं ओळखपत्र घेऊन मी दारोदार विचारत फिरले होते, काही तक्रार आहे का म्हणून. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं पाहणीला आलेय, त्यांना वाटलं झडतीला आलेय. उत्तम नाही लिहायचं तर काय लिहायचं?

मी ओळखपत्र पर्समधून काढलं आणि चुलीजवळ नेऊन काकींच्या हातात दिलं. "हे तुमच्याजवळ ठेवा. मी कुणाची हमी घालवायला आले नाही. आता सांगा, का काढला?"

काकी भाकरी थापता थापता सांगायला लागल्या. "अगं, ह्ये जात्यात नदीला इंजान चालू कराय, आन मग वरल्या तुकड्यात दारं धराय, सरीसरीत पाणी सोडाय. हितनं नदी दिसती व्हय? मदी सगळा ऊस. त्यास्नी बी दिसत न्हाई. पयलं इंजान बोलायचं बघ. जड बोललं की पाणी चढाय लागलंय. हलकं झालं, नुसतंच पळाय लागलं, की समजायचं पाणी तुटलं. नळीच्या तोंडाला पाला अडाकतो, मग पंप काय वडत न्हाई. मी हितनं हाळी मारायची, ह्ये पळायचं. आन गप झालं की मी भाकरी बांधाय घ्यायची. तुमचं नवं आलं आन सगळं मुकं झालं. एकदा पाणी तुटलं ते कुणालाच कळलं न्हाई. इंजान आपलं पळतंय, पळतंय. पंप जळून गेला की!"

"मग डीलरला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? इंजान लई चांगलं हाय, आवाजच करत न्हाई, म्हणून नको? हसतील न्हवं लोकं."

मी तिथं चुलीपुढं बसले होते. सगळं एकदम उलगडलं. आमच्या कारखान्यात आवाज म्हणजे दोष होता. इथं आवाज म्हणजे खबर होती. नदीवरचं इंजिन घरापर्यंत बोलत होतं आणि आम्ही मोठ्या कौतुकानं त्याचं तोंड बांधून दिलं होतं, वर टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या दिवसानंतर मी कुणाला एकही प्रश्न विचारला नाही. नुसते सायलेन्सर शोधले. कुठं कोंबड्यांच्या खुराड्यावर वजन म्हणून ठेवलेला, कुठं कणगीमागं पोत्यात गुंडाळलेला, एका ठिकाणी तर त्यावर बसून आजोबा दाढी करत होते. बायकांशी बोलले की पुरुषही हळूहळू बोलायचे. मग मी गोडाऊनला गेले आणि परत आलेली इंजिनं बघितली. त्यांतल्या एकाचाही सायलेन्सर काढलेला नव्हता. बोल्टवरचा रंग जसाच्या तसा. ज्यांनी हिंमत केली त्यांनी सायलेन्सर उतरवला आणि इंजिन ठेवून घेतलं. जे हमीला घाबरले त्यांनी इंजिनच आणून टाकलं. इतकं सरळ होतं.

मालकांपुढं मी हे सांगितलं तेव्हा इंजिनिअरसाहेब उठून उभे राहिले. "बाई, जगभर लोक आवाज कमी करण्यासाठी धडपडताहेत. आणि तुम्ही म्हणता आपल्या ग्राहकाला गोंगाट हवा? हे संशोधन नव्हे, ही चुलीपुढची गप्पाष्टकं आहेत."

"चुलीपुढंच ऐकू येतं ते," मी म्हटलं. "तुम्ही या आणि बघा."

मी असं फटकन बोलून गेले आणि जीभ चावली. पण मालकांनी टेबलावर थाप मारली. "चला. जीप काढाय सांगा."

पाडवा चार दिवसांवर होता. आम्ही तिघं काकींच्या अंगणात बसलो. काकी आमच्याकडं पाठ करून भाकऱ्या भाजत होत्या. काकांना मी सांगून ठेवलं होतं, इंजिन चालू करा आणि तुमच्या मनाला येईल तेव्हा पंपात हवा घेऊन पाणी तोडा, आम्हाला आधी कळवू नका. पहिल्यांदा सायलेन्सर न लावता. उसापलीकडून टुक् टुक् टुक् सुरू झालं. मालकांनी चहा घेतला. इंजिनिअरसाहेबांनी घड्याळ बघितलं. काही वेळानं काकींनी मागं वळूनही न बघता भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तोडलं बघा पाणी."

मला काही फरक कळला नव्हता. इंजिनिअरसाहेबांनाही नाही. मालकांनी मात्र कान टवकारले आणि हळूच मान हलवली. ते लेथवरून आलेले, त्यांचा कान अजून जिवंत होता. नंतर काका आले आणि त्यांनी सांगितलं, हो, तेव्हाच तोडलं होतं.

"आता सायलेन्सर लावून," मी म्हटलं. काका खुंटीवरचा सायलेन्सर खांद्यावर टाकून परत नदीला गेले. आम्ही वाट बघत बसलो. बराच वेळ काहीच ऐकू येईना. हा डाव फसला, तर टेबल गेलंच, वर 'चुलीपुढची गप्पाष्टकं' हा टोमणा जन्मभर ऐकावा लागणार होता. तेवढ्यात इंजिनिअरसाहेब एक बोट वर करून म्हणाले, "येतोय! ऐका. अगदी बारीक, पण स्पष्ट. इंजिन व्यवस्थित चालू आहे. कुठं आहे अडचण?"

काकी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "साहेब, ती गावातली पिठाची गिरण हाय."

आणि त्याच वेळी काका उसातून बाहेर आले, हात पुसत, बिडी ओढत. इंजिन त्यांनी केव्हाच बंद केलं होतं.

मालक असे हसले की म्हशीनं दावं ओढलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इंजिनिअरसाहेब लालबुंद झाले. मीही हसले, आणि खरं सांगते, मी ते हसू आवरायचा अजिबात प्रयत्न केला नाही. इतके दिवस दुसऱ्यांच्या वाक्यांपुढं मान खाली घालून बसले होते, त्या सगळ्या दिवसांचं हसू होतं ते.

पण इंजिनिअरसाहेबांचं एक मला मान्यच करावं लागेल. हसणं ओसरल्यावर ते बूट काढून चुलीपुढं येऊन बसले आणि काकींना विचारलं, "ताई, आवाज नेमका कसा पाहिजे तुम्हाला?" काकींनी तोंडानं करून दाखवला, जड कसा, हलका कसा. ते वहीत काहीतरी लिहीत होते. इतक्या दिवसांत गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कुणी नीट प्रश्न विचारला होता, आणि तो मी विचारलेला नव्हता.

परतल्यावर कारखान्याच्या फाटकाशी उतरताना मालक मागं न बघता हेडक्लार्कला ओरडून म्हणाले, "उद्यापासनं टायपिंगला दुसरं माणूस बघा. बाईंचं टेबल वर टाकायचंय."

मी त्या दिवशी घरी चालत गेले नाही. जवळजवळ पळत गेले. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता डोक्याचा पगार." ते वाक्य मी त्यांना कधीतरी रागानं सांगितलं होतं, त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

डीलरांच्या बैठकीत हमीच्या कागदावरची ती ओळ काढून टाकल्याचं मालकांनी जाहीर केलं आणि का काढली ते मला उभं करून सांगायला लावलं. फेटेवाले, टोपीवाले डीलर आधी कुजबुजले, मग माना हलवायला लागले, आणि शेवटी एक म्हातारे डीलर म्हणाले, "खरं हाय की! आमच्या घरात बी तसंच हाय." परत यायची इंजिनं त्या महिन्यापासून थांबली.

पंधरवड्यानं इंजिनिअरसाहेब माझ्या नव्या टेबलापाशी आले. हातात सायलेन्सरच्या जागी बसवायच्या नव्या धुराड्याचं ड्रॉइंग होतं. कानाला बोचणारा फटका मरेल, पण ठोका लांब जाईल, अशी रचना त्यांनी केली होती. ड्रॉइंगच्या तळाशी नव्यानं एक चौकट आखली होती, "बाजार पाहणी: मंजूर." तिथं माझी सही हवी होती. आजवर त्या कारखान्यातल्या शेकडो कागदांच्या डाव्या कोपऱ्यात, कुणी टाइप केलं ते कळावं म्हणून, माझ्या नावाची दोन बारीक अक्षरं असायची. तेवढीच मी त्या कागदांवर होते.

मी ड्रॉइंग नीट बघितलं. पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"मी आत्ता सही करणार नाही," मी म्हटलं. "आधी बसवून काकींना ऐकवू."

मला वाटलं आता ते भडकणार. ते ड्रॉइंगची गुंडाळी करत म्हणाले, "नमुना तयार आहे. उद्या सकाळी आठला जीप सांगतो."

दुसऱ्या दिवशी काका नवं धुराडं घेऊन ते इंजिनाला बसवायला नदीला गेले. काकी अंगणात उभ्या राहिल्या, हात कमरेवर. उसापलीकडून ठोके येऊ लागले. त्या ऐकत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "थांबा, बोलू नका कोण," आणि परत ऐकत राहिल्या. पाणी तुटलं तेही त्यांनी ओळखलं, परत जोडलं तेही. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हां. आता बोलतंय."

मी ड्रॉइंग जीपच्या बॉनेटवर पसरलं आणि त्या चौकटीत माझं पूर्ण नाव लिहिलं. नदीकडून वारा सुटला होता. कागद उडू नये म्हणून त्याचं टोक इंजिनिअरसाहेबांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.